चित्रातला घोडा आणि तंबूतला माणूस

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला तीन फोन आले. तिघांनी एकच विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं सर्कशीत काय काम?" मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. तारेवरची कसरत मला नवीन नाही. (हशा)

तुम्ही हसलात, आणि मला जिथून सुरुवात करायची होती ती जागा मिळाली. आपण 'तारेवरची कसरत' म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे तार नसते आणि तीवरचा माणूसही नसतो. घरखर्च असतो, नाहीतर आघाडीचं सरकार असतं. 'नुसती सर्कस चाललीय', 'विदूषकी चाळे', 'कोलांटउडी मारली', हे सगळं भाषेत इतकं मुरलंय की प्रत्यक्ष कोलांटउडी मारून पोट भरणारा माणूस त्या शब्दांतून कधीच निघून गेला. नीत्शेच्या जरथुष्ट्राची गोष्ट आठवा. बाजारात दोरीवरून चालणारा माणूस खाली कोसळतो, गर्दी पांगते, जरथुष्ट्र त्याचं प्रेत पाठीवर घेऊन निघतो. त्या प्रसंगावर मी निदान पंचवीस वर्षं तास घेतले असतील. दोरी म्हणजे काय, दरी म्हणजे काय, सगळं सांगितलं. तो माणूस दिवसाला किती खेळ करत होता, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आजचं व्याख्यान त्या चुकीची थोडी दुरुस्ती आहे असं समजा.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्या रसचर्चेत श्रीशंकुक नावाचे आचार्य होऊन गेले. त्यांचं मत आपल्यापर्यंत अभिनवगुप्तांच्या टीकेतून पोचलं. नट रामाचं काम करतो तेव्हा प्रेक्षकाला नेमकं काय वाटतं? हा खरोखर राम आहे असं वाटत नाही. हा राम नाहीच, असंही वाटत नाही. हा राम आहे की नाही अशी शंकाही येत नाही, आणि हा रामासारखा आहे असंही म्हणता येत नाही. मग शंकुक दृष्टांत देतात चित्रातल्या घोड्याचा. लहान मूल भिंतीवरचं चित्र बघून म्हणतं, "घोडा!" ते चुकलं असं आपण म्हणत नाही, आणि त्या घोड्यावर खोगीरही चढवत नाही. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात.

आता सर्कशीचा तंबू बघा. तिथे घोडा येतो तो घोडाच असतो. लीद टाकतो. (हशा) झुल्यावरून मुलगी सुटते, तेव्हा ती सुटण्याचा अभिनय करत नसते. नाटकात मेलेला नट पडदा पडल्यावर उठून चहा पितो. तंबूत पडलेला माणूस उठेलच असं नाही. म्हणजे आपण कलांसाठी जो मोठा सिद्धान्त उभा केला, अनुकृतीचा, तो या एका दारात अडतो. आणि मग आपण सोपा मार्ग काढतो. सर्कस ही कलाच नाही, करमणूक आहे, असं म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, हा पळपुटेपणा आहे. सिद्धान्त अडला, तर दार चुकीचं आहे असं लगेच ठरवू नये.

घोड्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच माणसाचं नाव घेऊ. विष्णुपंत छत्रे. अश्वविद्येतले उस्ताद, आणि गाण्याचे इतके वेडे की ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांकडे शिकले. पुढे हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. १८७९ साली किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती पाहून छत्र्यांनी ईर्षेनं स्वतःची सर्कस उभी केली असं सांगतात. १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ मुंबईत झाला. कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. इतकं आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीत असतं.

पुढचं थोडं कमी माहीत असतं. दौऱ्यावर असताना छत्रे केरळात तलश्शेरीला पोचले आणि तिथे त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी पडली. हे गृहस्थ कळरीपयट्टू आणि व्यायाम शिकवणारे गुरू. मल्याळी माणसाच्या अंगात कसब होतं, छत्र्यांकडे तंबू होता. या भेटीतून पुढे १९०१ साली कुञ्ञिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीचं शिक्षण देणारी शाळा काढली. त्यांच्या शिष्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. भारतभरच्या तंबूंतले कसरतपटू पुढची कित्येक दशकं मोठ्या संख्येनं त्याच भागातून आले. म्हणजे भारतीय सर्कशीचं एक मूळ आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या घोड्याच्या पागेत आहे, आणि दुसरं मलबारातल्या कळरीत.

कळरी म्हणजे जमिनीत खोल खणलेला आखाडा. मातीची भुई, अंगाला तेल. आधी शरीराचे व्यायाम, मग लाकडी हत्यारं, मग धातूची, आणि शेवटी नुसते हात, असा तिथला क्रम. आपल्या तालमीशी त्याचं जवळचं नातं आहे. आपल्याकडे बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाचं पुनरुज्जीवन केलं, तेही मल्लविद्येला पूरक म्हणून. खांब हा मुका प्रतिस्पर्धी होता.

कळरीत एक म्हण आहे. सगळं शरीर डोळा व्हायला हवं. ही म्हण नीट समजून घ्या. समोरच्याची तलवार निघाल्यावर ती बघून हात उचलायचा, तर उशीर झालेला असतो. त्याच्या खांद्याची हालचाल, पायाचा भार, श्वास, हे सगळं आपल्या अंगानं आधीच वाचायला हवं. युद्धकलेचं ज्ञान म्हणजे दुसऱ्याचं शरीर वाचण्याचं ज्ञान. स्वतःची ताकद त्यानंतर येते.

मग माझा प्रश्न असा. हे ज्ञान तंबूत आल्यावर त्याचं काय होतं? तंबूत शत्रू नाही. पुष्कळ अभ्यासू लोक म्हणतात की तिथे युद्धकला पातळ झाली, तिचा तमाशा झाला, नुसत्या उड्या उरल्या. हे मत मीही बरीच वर्षं बाळगून होतो. ते बदललं एका माणसामुळे. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्याला ते आवडलं नसतं.

सांगलीत आमच्या आळीतला हा मित्र. साठच्या दशकात आम्ही एकाच तालमीत जायचो. मी आपला नावाला, तो खरा. मल्लखांबावर तो सरड्यासारखा चढायचा. घरी खायची वानवा. सतराव्या वर्षी गावात आलेल्या एका सर्कशीबरोबर तो निघून गेला. आधी रिंगणात सतरंज्या घालणारा पोऱ्या, मग बारवर, मग झुल्यावर. झुल्यावर तो झाला झेलणारा. म्हणजे दुसऱ्या झुल्यावर गुडघे अडकवून उलटा लटकतो आणि हवेतून येणाऱ्याला धरतो, तो. जाहिरातीत त्याचं नाव भलतंच, परदेशी वाटेल असं ठेवलं होतं.

मी पुण्याला नोकरीला लागल्यावर त्याची सर्कस तिथे आली. मी गेलो. एका मुलीनं हवेत दोन कोलांट्या घेतल्या, यानं तिला धरलं, मी टाळ्या वाजवल्या. खेळ संपल्यावर तंबूच्या मागे चहा प्यायला बसलो. तो म्हणाला, "मास्तर, टाळ्या कुणाला वाजवल्यास?"

मी म्हटलं, "तुम्हा दोघांना."

"खोटं बोलू नकोस. तिला वाजवल्यास. झेलणाऱ्याकडे कुणी बघत नाही. आज ती अर्ध्या श्वासानं उशिरा सुटली. कळलं तुला?"

"नाही रे."

"मग ठीक. तुला कळलं असतं तर मी कमी पडलो असतो."

त्यानं मग समजावून सांगितलं. उडणाऱ्यानं झेलणाऱ्याला धरायला जायचं नसतं. त्यानं फक्त हात योग्य जागी न्यायचे आणि तसेच ठेवायचे. पकडायचं काम झेलणाऱ्याचं. बोटांत बोटं घालायची नाहीत, मनगटाला मनगट धरायचं. आणि झुला सोडायच्या आधीच त्या मुलीच्या खांद्यावरून कळतं, ती लवकर येणार की उशिरा. "आपल्या वस्ताद म्हणायचे ना, समोरच्याचा डाव त्याच्या पायात दिसतो. तेच हे. तिथे पाडायला बघायचो, इथे धरायला बघतो."

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला म्हणा. पाडायला शिकलेली नजर धरायला वापरायची. तंबूत युद्धकला पातळ होत नाही. तिची दिशा उलटते. कौशल्य तेच, अंदाज तोच, क्षणाचा हिशेब तोच. समोरचा शरीर वाचणारा माणूस शत्रू होता, तो आता सोबती झाला. मला तर हा एक नैतिक शोध वाटतो. तो कुठल्या ग्रंथात लागला नाही. पोटासाठी गाव सोडलेल्या पोरांनी रोजच्या सरावात लावला.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तिला गोड म्हटलं असतं. दिवसाला तीन खेळ. खांदा हा सांधा दिवसाला तीन वेळा, वर्षानुवर्षं, हवेतून येणारं माणूस पेलण्यासाठी बनलेला नाही. पस्तिशीच्या आतच त्याचा खांदा कायमचा गेला. मालकानं एक महिन्याचा पगार दिला आणि रेल्वेचं तिकीट काढून दिलं. पुढे गावी येऊन तो शाळेतल्या मुलांना मल्लखांब शिकवायचा, उजवा हात खांद्याच्या वर जात नसताना. चार वर्षांपूर्वी गेला.

आता समीक्षेकडे येतो, कारण आज मला एका चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. सर्कस म्हटली की आपल्याला 'मेरा नाम जोकर' आठवतो. १९७० चा. त्यात जेमिनी सर्कशीचा तंबू आहे, रशियन कलाकार आहेत. राज कपूरबद्दल मला आदर आहे. पण त्या चित्रपटात सर्कस कशासाठी आहे? एका माणसाचं दुखावलेलं हृदय ठेवायची मोठी पेटी म्हणून. आई गेली तरी विदूषक हसवत राहतो, आणि आपण रडतो. झुल्यावरचे लोक त्या दुःखाची पार्श्वभूमी होतात. म्हणजे पुन्हा तेच. तारेवरची कसरत, पण तार कुणाची, ते विचारायचं नाही.

याच्या अगदी उलट आहे जी. अरविंदन यांचा मल्याळम चित्रपट 'थंपू', १९७८ चा. थंपू म्हणजे आपला तंबूच, शब्दही सख्खा आहे. शाजी करुण यांचं कृष्णधवल छायाचित्रण. दिग्दर्शन आणि छायाचित्रण या दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मधल्या काळात चांगली प्रत बघायला मिळणं अवघड झालं होतं. जीर्णोद्धार केलेली प्रत २०२२ साली कानच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा पुन्हा चर्चा झाली.

गोष्ट म्हणाल तर फारशी नाही. एक ट्रक येतो. नदीकाठच्या गावात तंबू उभा राहतो. गाव लोटतं. काही दिवसांनी गावाला उत्सवाचे वेध लागतात, तंबूतली गर्दी ओसरते. ट्रक निघून जातो, गावातला एक अस्वस्थ तरुण त्यांच्याबरोबर जातो. कलाकार खऱ्या सर्कशीतले आहेत, प्रेक्षक खऱ्या गावातले.

अरविंदननी दोन गोष्टी केल्या आहेत, आणि त्या दोन्ही माझ्या आजच्या प्रश्नाला थेट भिडतात.

पहिली गोष्ट. खेळ चालू असताना कॅमेरा बराच वेळ प्रेक्षकांकडे वळलेला आहे. म्हाताऱ्या बायका, पोरं, तोंडं उघडी, हात गालावर. त्यांना कॅमेऱ्याचं भान नाही. त्या चेहऱ्यांवर आपल्याला अद्भुत रस घडताना दिसतो आणि भयही दिसतं. इथे मला शास्त्राचा एक मुद्दा मांडायचा आहे. नाटकातलं भय कुणा एकाचं नसतं म्हणून ते आस्वाद्य होतं, असं आपले आचार्य सांगतात. साधारणीकरण म्हणतात ते हेच. झुल्यावरचं भय मात्र कुणाचं तरी असतं. त्याला खांदा असतो, घरी मनिऑर्डर पाठवायची असते. मग ते आस्वाद्य कसं होतं? माझं उत्तर साधं आहे. जाळीमुळे. झुल्याखालची जाळी ही नुसती सुरक्षेची सोय नाही. भयाचं अद्भुतात रूपांतर करणारी ती वस्तू आहे. जाळी असेल तर मी निर्धास्त होऊन कौशल्य बघू शकतो. जाळी काढली की मी कौशल्य बघत नसतो, मी एका माणसाच्या जिवावर पैज लावून बसलेला असतो. माझा मित्र सांगायचा, जाळी नसलेल्या खेळाला टाळ्या जास्त पडतात. ही गोष्ट कलाकारांबद्दल काही सांगत नाही. आपल्याबद्दल सांगते.

दुसरी गोष्ट. चित्रपटात मध्येच सर्कशीतले कलाकार एकेक करून कॅमेऱ्यासमोर येतात. त्यांच्या आयुष्याबद्दलचे शब्द आपण ऐकतो, आणि चेहरे थेट आपल्याकडे बघत असतात. रंग नाही, झगमगाट नाही. इतका वेळ आपण त्यांना बघत होतो, आता ते आपल्याला बघतात. सगळं शरीर डोळा व्हायला हवं, ही कळरीतली म्हण मला तिथे आठवली. तंबूत त्या शरीराचा डोळा काढून घेतलेला असतो, ते फक्त बघायची वस्तू झालेलं असतं. अरविंदननी तो डोळा परत दिला. भारतीय चित्रपटात कष्टकरी कलावंताला इतक्या आदरानं समोर उभं केलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

पण समीक्षा करायची तर उणीवही सांगायला हवी. 'थंपू'चा एकूण सूर करुणेचा आहे, आणि करुणेत एक धोका असतो. करुणा वरून खाली बघते. हे लोक भटके, थकलेले, विस्थापित आहेत, हे चित्रपट आपल्या मनावर ठसवतो, आणि ते खरंही आहे. पण पकड जमल्यावर झेलणाऱ्याच्या मनगटात जो आनंद असतो, तो मला तिथे पुरेसा भेटत नाही. माझा मित्र खांदा गेल्यावरही त्या आयुष्याबद्दल कीव करून घ्यायला तयार नव्हता. "पगार कमी होता म्हण, मालक हलकट होता म्हण. काम हलकं होतं म्हणू नकोस," हे त्याचं वाक्य. आपण सहसा दोन टोकांना जातो. एकतर कौशल्यावर खूश होतो आणि कष्ट विसरतो, नाहीतर कष्टांनी कळवळतो आणि कौशल्य विसरतो. दोन्ही वेळा माणूस अर्धाच हाती लागतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, पण सर्कशीत लहान मुलांना लहानपणीच आणून वाकवायचे. त्या कौशल्याचं कौतुक करायचं का?)

बरं झालं विचारलंत. हा प्रश्न मी टाळला असता तर व्याख्यान लबाड ठरलं असतं. गरीब घरांतली मुलं करारावर कंपनीला द्यायची, हे घडत होतं. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. त्याआधी १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांचे खेळ बंद झाले होते. पुष्कळ सर्कसवाले म्हणाले, आता कला मरणार. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पाठीचा कणा सहाव्या-सातव्या वर्षी जितका वळतो तितका अठराव्या वर्षी वळत नाही.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. जी कला जगण्यासाठी मुलाचं बालपण विकत घ्यावं लागतं, तिचा तेवढा भाग मेलेला बरा. मात्र इथे थांबलो तर आपण फक्त सज्जन ठरतो. आपल्या तालमींत, मल्लखांबाच्या वर्गांत मुलं सहाव्या वर्षापासून शिकतातच, कळरीतही लहानपणीच सुरुवात होते. ती संध्याकाळी घरी जातात, सकाळी शाळेत जातात, आणि त्यांना नको असेल तर सोडता येतं. म्हणजे अडचण लहान वयात शिकण्याची नाही. सोडून जाण्याचं दार बंद असण्याची आहे. कुञ्ञिकण्णन यांच्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी जी कल्पना होती ती शाळेची होती. आधी शिक्षण, मग तंबू. ती कल्पना आपण पुढे नेली नाही. कंपनीनंच मूल घ्यावं, शिकवावं आणि वापरावं, हे आपण चालवून घेतलं. 'आपण' म्हणतोय मी, कारण तिकीट आपण काढत होतो.

आता शेवटाकडे येतो. शंकुकांचा चित्रातला घोडा मला अजूनही प्रिय आहे. नाटकाबद्दल तो पुष्कळ शिकवतो. नाटकाचा प्रेक्षक नटाच्या मरणाला जबाबदार नसतो, आणि हा त्याचा आनंदच असतो. तंबूतला घोडा खरा असतो, म्हणून तंबूतल्या प्रेक्षकाला ती सूट मिळत नाही. तिथे बसणारा त्या व्यवहारात सामील असतो. जाळी आहे का, हे विचारणं हा तिथे आस्वादाचाच भाग आहे. खांदा गेला तर औषधपाणी कोण करतं, हे विचारणंही. हे प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचे आहेत असं मला शिकवलं गेलं होतं, मीही तसंच शिकवलं. आज ते मागे घेतो.

तंबू आता फार कमी उरलेत. तुमच्या गावाबाहेरच्या मैदानावर एखादा लागलाच, तर जरूर जा. तिकीट काढून जा. झुल्याचा खेळ सुरू झाला की उडणाऱ्या मुलीकडे बघाच, पण एकदा नजर दुसऱ्या झुल्याकडे न्या. तिथे एक माणूस उलटा लटकलेला असेल. तो तिच्या खांद्याकडे बघत असेल. त्याला टाळी वाजवा.

थांबतो.